पत्र्यावरची बाभूळ

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी मी पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून जुनी अमेरिकन मोटार घेतली आणि शिरूर ते दौंड सीटा भरून चालवू लागलो. गाडी लांबरुंद होती. पुढच्या सीटवर माझ्याशिवाय तिघं आरामात बसायचे, आणि मागे किती बसायचे ते बसणाऱ्यांच्या भिडेवर असायचं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सुतारकी. वडिलांनी माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस दिला तेव्हा मी तो ठेवून स्टिअरिंग धरलं होतं. लाकडाचा भुसा नाकात गेला की मला शिंका यायच्या, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे मला गावोगाव फिरायचं होतं.

त्या गाडीच्या आत सगळीकडे लाकूड दिसायचं. समोरचा डॅशबोर्ड, दारांच्या काचांभोवतीच्या पट्ट्या, मागच्या खिडकीची चौकट, सगळं गडद तपकिरी, रेघारेघांचं. पॅसेंजर बोट फिरवून म्हणायचे, "काय लाकूड वापरलंय साहेबानं." पण टकटक केलं की पत्रा बोलायचा. पत्र्यावर लाकडाचं रूप चढवलेलं होतं, आणि ते रूप आता उन्हानं सुटत चाललं होतं. खपल्या निघायच्या. दौंडला पोचेपर्यंत पुढं बसलेल्याचं नख नकळत त्या खपल्यांना लागायचं आणि गाडी अजून थोडी महारोग्यासारखी दिसायची. लग्नसराईत गाडी ठरवायला आलेली माणसं बाहेरून बघून खूश व्हायची. मग दार उघडायची, आत डोकावायची आणि "बघू, कळवतो" म्हणून निघून जायची.

शिरूरला दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. तो म्हणाला, "सगळ्याला एकच चॉकलेटी ऑइल पेंट मारू, झाक होईल." मीही तयार झालो होतो.

त्याच आठवड्यात दौंड स्टेशनसमोर एक वयस्कर गृहस्थ पुढच्या सीटवर बसले. पांढरा सदरा, पायात रेल्वेचे बूट, उजवा हात मांडीवर जड ठेवलेला. त्यांना न्हावऱ्याला लेकीकडे जायचं होतं. सगळी वाट त्यांनी बाहेर बघितलंच नाही. डॅशबोर्डाकडेच बघत होते. भीमा ओलांडल्यावर म्हणाले, "ड्रायव्हर, हे हातानं केल्यालं न्हाई. छापलंय."

मी विचारलं, "कशावरून?"

"ही गाठ बघा. आन् आता तुमच्या दारावरची बघा. तीच हाय. त्या तिकडच्या दारावर बी तीच आसंल. झाडाला एक गाठ दोनदा येत न्हाई."

मी गाडी चालवता चालवता दाराकडे बघितलं. तीच गाठ होती. दोन वर्षं मी त्या गाडीत बसत होतो, सुताराच्या घरातला होतो, आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मला हसू आलं, तेही हसले.

मग कळलं की ते रेल्वेत पेंटर होते. साहेब लोकांच्या डब्यांतून लोखंडी पत्र्यावर सागवान काढायचं काम त्यांनी उभा जन्म केलं होतं. ब्रश आणि कंगवा घेऊन, रंगावर रंग चढवून, पत्र्याचं लाकूड करायचं. त्या कामाला ते ग्रेनिंग म्हणायचे. रिटायर होता होता अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात अधू झाला. मी त्यांना चॉकलेटी रंगाचा बेत सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नका करू तसं. माझा हात चालत आसता तर मीच करून दिलं आसतं. आता सांगू शकतो, करू शकत न्हाई."

रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती मांडवगण फराट्याच्या सुताराची मुलगी. तिचे वडील पंचक्रोशीत कुळव आणि गाडीच्या चाकांसाठी नावाजलेले. भाऊ नव्हता, तरी तिच्या हातात कधी कुणी रंधा दिला नाही. वडील काम करायचे, आणि ती ढलप्या गोळा करून चुलीत घालायची. माझं बोलणं तिनं ऐकून घेतलं. ताट उचलताना म्हणाली, "त्यांना इचारा की, मी केलं तर शिकवत्याल का."

"तू?"

"ते सांगू शकत्यात म्हनले ना. मग करायला कुनी तरी पायजेच."

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला त्यांच्या लेकीकडे गाडी थांबवून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आणा त्यांना. हात बघू."

मी गाडीतल्या सगळ्या पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या, पोत्यात भरल्या, आणि बायकोला घेऊन दौंडला गेलो. त्यांचा मुलगा रेल्वेत फिटर होता. त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर शाळा सुरू झाली. सकाळच्या फेरीला मी तिला तिथं सोडायचो आणि संध्याकाळच्या फेरीला परत आणायचो. आम्ही त्यांना आप्पा म्हणायला लागलो. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि आप्पांची कारभारीण पहिल्याच दिवशी जरा अडखळून म्हणाली, "जेवान डब्यातलं खाल, का आमच्यात बसाल?" बायको हात धुऊन सरळ त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली. शिरूरला आमच्या आळीत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. एका शेजारणीनं तिला विचारलंच. बायको म्हणाली, "ज्याच्या वट्यावर दिसभर बसायचं, त्याच्याच घरची भाकरी खायाची. दुसरीकडं कुठं जाऊ?" पुन्हा कुणी विचारलं नाही.

सुरुवातीचे दिवस तर नुसत्या घासण्यातच गेले. आप्पांनी तिला जुनं वार्निश काचपेपरनं उतरवायला लावलं. गंजाच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला, ती वाळली की पुन्हा घासायला. मग मातकट पिवळ्या रंगाचे हात. ती म्हणायची, "आप्पा, लाकूड कवा काढायचं?" आप्पा म्हणायचे, "खालची जमीन नीट नसंल तर झाड उभं ऱ्हातंय व्हय?"

शेवटी एकदा तिच्या हातात त्यांनी आपला ब्रश दिला. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले त्यांचे ब्रश, रबराचे कापलेले कंगवे, कोंबडीची पिसं, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं. पिवळ्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर कंगव्यानं, फडक्यानं, बोटानं त्यात झाडाच्या रेघा ओढायच्या. वाळला की संपलं. तिनं पहिली पट्टी ओढली. मी त्या वेळी तिथंच होतो, पॅसेंजर भरायची वाट बघत होतो. रेघा सरळ, सारख्या अंतराच्या.

आप्पा म्हणाले, "ही चटई झाली. पुसा."

टर्पेंटाईनच्या बोळ्यानं तिनं पुसलं. दुसऱ्यांदा रेघा वळवून ओढल्या.

"हे गांडूळ झालं. पुसा."

ती खजील झाली असेल असं मला वाटलं. पण तिनं पदर खोचला आणि विचारलं, "पुसायला कितीदा चालतं?"

"वाळत न्हाई तवर कितीदा बी. पुसता येतंय तवर भ्यायाचं न्हाई."

तीन-चार वेळा असंच झालं. मग आप्पांनी विचारलं, "तुम्ही डोळ्यापुढं कोनचं लाकूड आणताय?"

"साहेबाचं. आक्रोडाचं म्हनत्यात ना."

"बघितलंय?"

"न्हाई."

"मग बघितलंय ते काढा. घरी काय वापरायचे वडील?"

"बाभूळ. दुसरं काय. कुळवाला बाभूळ, चाकाला बाभूळ, खाटेला बाभूळ."

"मग बाभूळ काढा."

ती हसली. एवढ्या मोठ्या अमेरिकन गाडीत बाभूळ. मग तिनं पट्टीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम घरातल्यासारखा झाला. कणीक मळताना ती जशी दिसायची तसा. तिनं कडेला फिकट पट्टा ठेवला, मधे गडद घेतला, कारण बाभळीचं पोट गडद असतं. दाट, जवळजवळ जाणाऱ्या रेघा कंगव्यानं घेतल्या आणि एके ठिकाणी अंगठा टेकवून फिरवला. तिथं गाठ आली. गाठीच्या दोन्ही बाजूंनी रेघा बाजूला सरकल्या, जशा पाण्यात दगड असला की धार सरकते. मग तिनं कोरड्या ब्रशनं वरून हलकेच फिरवून सगळ्याच्या कडा मऊ केल्या.

मी आप्पांकडे बघितलं, तर त्यांचा अधू हात मांडीवर पडल्या पडल्या हलत होता. ती ब्रश डावीकडे नेई तशी बोटं थोडी डावीकडे. त्यांना स्वतःला ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. मी नजर काढून घेतली. पट्टी पुरी झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढची घ्या. पर हीच गाठ पुन्यांदा घालू नका."

एका दुपारी त्यांनी तिला रेल्वेच्या यार्डात नेलं. तिथं जुना लाकडी डबा सायडिंगला लावून ठेवला होता, सामान ठेवायला वापरायचे. आप्पा डाव्या हातानं त्याच्या सागवानी फळ्या दाखवत होते आणि ती जवळ डोळे नेऊन बघत होती. परतताना गाडीत मला म्हणाली, "सागवान शांत असतं. बाभळीला राग असतो." मी आयुष्यभर दोन्ही लाकडांमधे वाढलो होतो आणि हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका मागे बसल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "व्हय बाई, खरंय. काटा बी हाय ना तिला."

काम निम्मं झालं आणि मांडवगण फराट्याच्या एका बागायतदारानं लेकीच्या लग्नाला आमची गाडी ठरवली. मी त्यांना म्हणालो, आतलं काम चालू आहे, लग्नापर्यंत होईल. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण त्या तारखेला दुसरी मोठी गाडी कुठं मोकळी नव्हती.

पट्ट्या झाल्या. शेवटी डॅशबोर्ड राहिला होता, सगळ्यांत मोठा आणि समोर दिसणारा. तोही आप्पांच्या देखरेखीखाली झाला, आणि वार्निश द्यायला आम्ही तो शिरूरला घरी आणला. अंगणात दोन विटांवर ठेवून तिनं वार्निशचा शेवटचा हात दिला. चैत्राचे दिवस. दुपारी एकाएकी वावटळ उठली. गवत, माती, उसाचं पाचट, सगळं गरगर फिरत अंगणात आलं. आम्ही धावलो, पण ओल्या वार्निशवर माती बसली ती बसलीच. वावटळ गेली तेव्हा डॅशबोर्ड भाकरीच्या पिठात घोळल्यासारखा दिसत होता.

मी गाडी काढून तसाच दौंडला निघालो. क्वार्टरला कुलूप होतं. शेजारी कळलं की आप्पांना तपासणीला पुण्याला दवाखान्यात नेलंय, लग्नाच्या आत परत यायचे नाहीत. मी परत आलो आणि तिला सांगितलं. वर म्हणालो, "त्या पेंटरला बोलावतो. डॅशबोर्डाला चॉकलेटी मारू, पट्ट्या तरी चांगल्या हायेत."

ती डॅशबोर्डाशेजारी बसून मातीवर बोट फिरवत होती. म्हणाली, "काचपेपर आनलाय का जास्तीचा?"

"वेळ हाय का पन?"

"तुमी फेरीला जावा. दुपारचं जेवान तेवढं दौंडलाच करा."

ती रडली नाही, चिडली नाही, वावटळीला शिव्या दिल्या नाहीत. माझ्या मनात मात्र वावटळीला पुष्कळ शिव्या चालू होत्या. ती घासायला बसली. पार पत्र्यापर्यंत गेली, पुन्हा लांबी, पुन्हा पिवळा. तपकिरी हात द्यायच्या वेळी तिनं आतल्या खोलीतलं सगळं सामान बाहेर काढलं, जमीन ओली करून घेतली, खिडकीला ओलं धोतर लावलं आणि दार ओढून घेतलं. मला आत यायची मनाई. बाहेरून ब्रशचा आवाजही येत नव्हता. बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिच्या कपाळावर, कानाच्या पाळीवर तपकिरी डाग होते. मी आत डोकावलो.

पहिला डॅशबोर्ड आप्पांनी शिकवलेला होता, चांगला होता. हा वेगळाच होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग एक फळी वाटत होती. बुंध्याकडे रुंद रेघा, पुढं जाता जाता निमुळत्या. मधे डावीकडे एक मोठी गाठ, तिच्यात बारीकशी चीर. घड्याळं बसायच्या गोल भोकांच्या आसपास रेघा अशा गेल्या होत्या की जणू खऱ्या फळीलाच भोकं पाडलीत. मी काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आता हे आत ठिवून खोलीला कुलूप लाव." ती म्हणाली, "लावते."

लग्नाच्या दिवशी मी नवरीला आणायला मांडवगणला गेलो. गाडीभोवती माणसं जमली. बागायतदारांनी आत डोकं घातलं, दारावर हात फिरवला आणि म्हणाले, "हे तुम्ही लाकूडच बसवलं की राव." लग्नात गावच्या सुताराला मान असतो, त्यामुळे सासरेही तिथं होते. मी त्यांना मामा म्हणायचो. ते माणसांच्या मागे उभे होते. गर्दी पांगल्यावर पुढं आले, दार उघडून बसले आणि डॅशबोर्डावर नख वाजवलं. पत्रा बोलला.

"पत्रा हाय," ते म्हणाले.

"व्हय मामा."

त्यांनी डोकं खाली घालून नीट बघितलं. डावीकडून उजवीकडे, हळूहळू. त्या मोठ्या गाठीपाशी आले आणि थांबले. चिरेवर अंगठा ठेवला.

"हात कुनाचा?"

"तुमच्या लेकीचा."

बाहेर ताशा सुरू झाला होता. मामा म्हणाले, "ही आपल्या मळ्याच्या वाटंवरची बाभळ. पडली तवा लेक आठ-नऊ वर्षांची आसंल. हिच्यातनं मी खाट केली. ह्या गाठीपशी रंधा अडकायचा, मी शिव्या द्यायचो, आन् ती समोर ढलप्या येचत बसल्याली आसायची." त्यांनी खाली उतरून उपरण्यानं तोंड पुसलं आणि मांडवाकडे निघून गेले.

पुढच्या बाजारच्या दिवशी ते शिरूरला आमच्या घरी आले. एरवी यायचे ते उंबऱ्याशी टेकून, पाणी पिऊन निघायचे. त्या दिवशी आत येऊन बसले आणि लेकीला म्हणाले, "कसं करतीस, मला दाव."

तिनं पत्र्याचा एक तुकडा घेतला, रंग दिला आणि ब्रश वडिलांच्या हातात ठेवला. मामांचे हात म्हणजे अख्ख्या तालुक्याची चाकं घडवलेले हात. त्यांनी ब्रश धरला आणि अशा जोरानं ओढला की रंग सगळा कडेला गेला. दुसऱ्यांदा ओढलं, तेच.

"आबा, हळू. रंधा न्हाई त्यो," ती म्हणाली.

"रंध्यानं आतलं बाहेर काढायचं आसतं गं. हितं बाहेरनं आत घालायचं. उलटंच काम हाय हे." त्यांनी ब्रश तिला परत दिला. "मला न्हाई जमायचं. तुला जमलंय." आणि ते हसायला लागले. तीही हसायला लागली. माझ्या माहितीत त्या बापलेकीला एकत्र हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्या लग्नानंतर गाडीला सराईभर फुरसत मिळाली नाही. गाडीपेक्षाही तिला काम मिळायला लागलं. कुणाच्या लोखंडी कपाटाला, कुणाच्या नव्या बंगल्याच्या पत्र्याच्या दाराला. सुरुवातीला लोक घरी येऊन मला विचारायचे, "पेंटर कुठाय?" मी आत हाक मारायचो आणि ती बाहेर आली की ते माझ्याकडेच बघून बोलत राहायचे. हळूहळू तिच्याकडे बघून बोलायला लागले. कुठल्या घरात काय लाकूड शोभेल हे ती आधी घर बघून ठरवायची. सागवान, शिसव, आंबा. बाभूळ मागणारं कुणी नव्हतं, पण कुणी काही न सांगता तिच्यावर सोडलं की ती बाभूळच काढायची.

आप्पा पुण्याहून बरे होऊन आले. आम्ही त्यांना गाडीत बसवून एक चक्कर मारली. डॅशबोर्ड त्यांनी कितीतरी वेळ बघितला. म्हणाले, "हा मी शिकवल्याला न्हाई." बायको म्हणाली, "तुमीच शिकवलाय." आप्पांनी मान हलवली, आणि वाद घातला नाही.

दोनेक वर्षांनी दौंडला त्यांच्या वस्तीनं वर्गणी काढून लहानसं विहार बांधलं. लाकडी दार परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून लोखंडी पत्र्याची दोन दारं बसवली. आप्पांनी निरोप पाठवला, आणि आम्ही दोघंही गेलो. वस्तीतल्या बायका, रेल्वेची ड्यूटी संपवून आलेली माणसं, सगळी दारासमोर गोळा झाली होती. आप्पांना खुर्ची दिली होती. तिनं त्यांना विचारलं, "आप्पा, सागवान का?" ते म्हणाले, "सागवानच. शांत लाकूड पायजे हितं."

ती उभी राहून काम करत होती आणि आप्पा खुर्चीत बसून बघत होते. एकदाही त्यांनी "पुसा" म्हटलं नाही. दोन्ही दारांच्या रेघा एकमेकींना येऊन मिळाल्या, जणू एकच ओंडका मधोमध चिरलाय. एका म्हाताऱ्या बाईनं जवळ येऊन हात लावायचा प्रयत्न केला, तेव्हा आप्पांनी तिला "ओलं हाय, मावशे" म्हणून थांबवलं. काम संपल्यावर वस्तीतल्या सगळ्यांबरोबर पंगतीला बसून आम्ही जेवलो.

निघताना आप्पांनी तिला विचारलं, "आता पुढचं काम कुठं?"

"तळेगाव ढमढेऱ्याला. शाळेची कपाटं हायेत."

"मग निघा लवकर. उजेड हाय तवर कपाटं बघून घ्या."

मी गाडी सुरू केली. ती पुढं बसली, मांडीवर रंगाची पेटी घेऊन, आणि आम्ही तळेगावची वाट धरली.